उंदराच्या दुधातला विषाणू आणि आईचे दूध

‘स्तनांच्या कर्करोगाचा विषाणू आईच्या दुधातून मुलीकडे जातो, उंदरांवर हे १९३६ सालीच सिद्ध झाले, पण ते दडवले गेले, म्हणून घराण्यात हा रोग असेल तर बाळाला अंगावर पाजू नये,’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे.

यातला उंदरांचा भाग खरा आहे, आणि बाकीचे लोकांना पटते ते त्यामुळेच. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी, ज्या वाणातील माद्यांना स्तनगाठी हमखास होत त्यांची नवजात पिल्ले गाठी क्वचित होणाऱ्या वाणातील माद्यांना पाजायला दिली, तेव्हा मोठेपणी त्या पिल्लांत गाठींचे प्रमाण एकदम घटले. दुधातला तो घटक विषाणू होता. तो आतड्यातील प्रतिकारपेशींत शिरतो, त्यांच्यासोबत स्तनग्रंथीत पोहोचतो आणि तिथल्या पेशीच्या डीएनएत आपली प्रत घुसवतो. ही प्रत वाढीशी संबंधित जनुकाशेजारी पडली, तर ते जनुक बंद व्हायचेच विसरते. मात्र हा वाण पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून, गाठी होतात म्हणूनच निवडून जोपासलेला होता, हे मजकुरात नाही.

दडवण्याविषयी इतकेच की बिटनर यांचा निबंध १९३६ सालीच ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आला, आणि मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनीही उंदरांतील स्तनकर्करोगावर उघडपणे संशोधन केले.

माणसांचे काय? मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधात या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे १९७१ साली ‘नेचर’मध्ये आले होते खरे, पण सारखा दिसणारा कण म्हणजे तोच विषाणू नव्हे. पुढे काही प्रयोगशाळांना मानवी गाठींत त्याच्यासारखे जनुकीय तुकडे सापडले, काहींना सापडले नाहीत, आणि कार्यकारणसंबंध आजही सिद्ध झालेला नाही. उंदरांच्या डीएनएतच अशा विषाणूंच्या प्रती वंशपरंपरेने असल्यामुळे नमुन्यात उंदराचा अंशमात्र मिसळला तरी फसगत होते. ‘एक्सएमआरव्ही’ या दुसऱ्या एका विषाणूचे हेच झाले: २००६ साली तो प्रोस्टेटच्या कर्करोगात सापडल्याचे जाहीर झाले, २००९ साली दीर्घकालीन थकव्याच्या विकाराशीही जोडला गेला, आणि २०११ साली उलगडले की मानवी गाठ उंदरांत वाढवताना उंदरांच्याच दोन विषाणूंच्या तुकड्यांची सांगड बसून तो प्रयोगशाळेत जन्मला होता. थकव्याविषयीचा निबंध मागे घेतला गेला.

सर्वांत घातक आहे तो अंगावर न पाजण्याचा सल्ला. तीस देशांतील ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणात, स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका ४.३ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. दुधावाटे बाळाकडे जाणारा आणि कर्करोग घडवू शकणारा मानवी विषाणू आहे, तो एचटीएलव्ही-१. पण त्याने होतो तो एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग, स्तनांचा नव्हे, आणि जपानमध्ये त्यासाठी गर्भवतींची रक्ततपासणी करूनच स्तनपानाचा सल्ला ठरवतात.