‘कमजोर हृदयाला बीटा-ब्लॉकर देणं म्हणजे आगीत तेल’: या संदेशात नेमकं काय चुकलंय

एक संदेश सध्या खूप फिरतोय. त्याचा गोषवारा असा: हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय शरीराला पुरेसं रक्त पोचवू शकत नाही, त्या आजारात) हृदय आधीच कमजोर असतं, बीटा-ब्लॉकर (ताणाच्या संप्रेरकांचा हृदयावरचा परिणाम अडवणाऱ्या गोळ्या) त्याचे ठोकेही कमी करतात आणि जोरही, म्हणून दम वाढला किंवा नाडी साठीवर आली की गोळी थांबवा, आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) सुधारला की कायमची सोडा. लिहिणारा अगदीच अडाणी नाही. त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच ते पटकन पटतं.

‘हृदयाचा जोर कमी करणारं औषध कमजोर हृदयाला कसं चालेल?’

१९९०च्या दशकापर्यंत डॉक्टरही हेच म्हणत. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला वॉगस्टीन, याल्मार्सन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ७ रुग्णांना बीटा-ब्लॉकर देऊन सुधारणा दिसल्याचं छापलं, तेव्हा बहुतेकांनी भुवया उंचावल्या. पंप कमी पडतोय तर त्याचा जोर वाढवा, हाच रिवाज होता. त्या रिवाजाची परीक्षा झाली ती मिल्रिनोनच्या गोळीने. ही गोळी आकुंचनाचा जोर वाढवते. १९९१च्या प्रॉमिस चाचणीत ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त निघाले. जोर वाढला, आयुष्य घटलं.

कारण असं, की हृदय कमी पडू लागलं की शरीर नॉरॲड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक वाढवतं. जिना चढताना ते कामाचं असतं. महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर घातक. हृदयपेशींमधला कॅल्शियमचा कारभार बिघडतो, काही पेशी मरतात, ठोक्यांची लय धोक्यात येते, मूत्रपिंडातून रेनिन सुटून पाणी आणि मीठ साठतं. पेशी स्वतःच्या बचावासाठी पृष्ठभागावरचे बीटा-१ रिसेप्टर (संप्रेरक जिथे येऊन चिकटतं त्या जागा) कमी करून टाकते, म्हणजे वाढलेल्या संप्रेरकाचा उपयोगही घटतो. बीटा-ब्लॉकर हा मारा अडवतो. त्याचा परिणाम काळावर अवलंबून आहे, आणि संदेश नेमका इथेच घसरतो. पहिल्या दिवसांत इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या मुख्य कप्प्यातलं, म्हणजे डाव्या जवनिकेतलं, किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं तो आकडा) थोडं खाली जातं, महिन्याभरात पहिल्या जागी येतं, तीनेक महिन्यांनी आधीपेक्षा वर जातं आणि फुगलेली डावी जवनिका आवरू लागते. पहिल्या आठवड्यात मोजून चौथ्या महिन्याचा निकाल सांगता येत नाही.

‘नाडी मंदावली म्हणजे रक्त कमी पोचणार’

आकडे मांडून पाहू. मिनिटाला १०० ठोके असतील तर एका ठोक्याला ०.६ सेकंद मिळतं. त्यातलं साधारण ०.३ सेकंद आकुंचनात जातं, हृदयात रक्त भरायला उरतं ०.३. नाडी ६० असेल तर ठोका १ सेकंदाचा. आकुंचन जेमतेम ०.३५, भरायला ०.६५. म्हणजे भरायचा वेळ दुपटीहून जास्त. डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः याच विसाव्याच्या काळात मिळतं. ठोके घटतात, पण प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढतं.

‘फायदा फक्त कागदावर’

रुग्णांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल पाहा. सिबिस-२ (१९९९, बिसोप्रोलॉल, २,६४७ रुग्ण): मृत्यू १७.३ टक्क्यांवरून ११.८ टक्क्यांवर. मेरिट-एचएफ (१९९९, मेटोप्रोलॉल सक्सिनेट, ३,९९१ रुग्ण): मृत्यूंत ३४ टक्के घट. कोपर्निकस (२००१, कार्वेडिलॉल, २,२८९ रुग्ण, सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन २५ टक्क्यांखाली): ३५ टक्के घट. तिन्ही चाचण्या फायदा स्पष्ट दिसल्यामुळे मुदतीआधी थांबवल्या गेल्या. मात्र कोपर्निकसमध्ये अंगात पाणी साठलेले रुग्ण घेतलेच नव्हते. हा तपशील पुढे लागणार आहे.

हे आकडे सगळ्या बीटा-ब्लॉकरना लागू नाहीत. ब्युसिंडोलॉल याच कसोटीवर उतरलं नाही. ॲटेनोलॉलला हार्ट फेल्युअरमध्ये असा पुरावाच नाही. मेटोप्रोलॉलचंही सक्सिनेट हे सावकाश सुटणारं रूपच सिद्ध झालंय, टार्ट्रेट नव्हे. पाकिटावर नावाच्या पुढचा शब्द वाचायला हवा. इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के किंवा जास्त असेल तर आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. एवढ्यापुरतं संदेश लिहिणाऱ्याला गुण द्यायला हरकत नाही.

‘गोळी सुरू केली आणि दम वाढला, म्हणजे गोळी वाईट’

असं होतं, पण बहुतेकदा दोष सुरुवातीचा असतो. कार्वेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सुरू करायचं, मग ६.२५, १२.५, आणि २५ दोनदा. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे. बिसोप्रोलॉल १.२५ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत, मेटोप्रोलॉल सक्सिनेट १२.५ किंवा २५ पासून २०० पर्यंत. पहिल्या दोन औषधांत शेवटचा डोस पहिल्याच्या आठपट आहे. रक्तदाबासाठी बिसोप्रोलॉल सर्रास ५ मिलिग्रॅमने सुरू होतं. तीच सवय कमजोर हृदयाला लावली तर चौपट डोस पहिल्याच दिवशी पडतो. मग रुग्ण आठवड्यात पाय सुजून परत येतो.

दुसरी चूक म्हणजे पाणी न उतरवता सुरुवात करणं. पायावर बोट दाबून खळगा राहतोय, आडवं झाल्यावर दम लागतोय, तर आधी लघवीची गोळी. सुरू केल्यावर रोज सकाळी, लघवी करून, खाण्याआधी वजन करून लिहून ठेवावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना कळवायचं. पहिला उपाय लघवीच्या गोळीचा डोस वाढवणं. त्यानेही भागलं नाही तर बीटा-ब्लॉकर निम्मं करणं. पूर्ण थांबवण्याची वेळ येते ती रक्तदाब कोसळून हातपाय गार पडले, जोर वाढवणारी इंजेक्शनं लागली, तरच.

‘नाडी साठ झाली की थांबवा’

विश्रांतीत साठ ही तक्रार नाही, बहुतेकदा तीच अपेक्षा असते. पन्नासच्या खाली गेली आणि चक्कर किंवा थकवा असेल तर डोस निम्मा करून ईसीजी काढतात आणि बाकीची औषधं तपासतात. डिगॉक्सिन ठोके कमी करतं. डिल्टिआझेम आणि वेरापामिल तर अशा हृदयाला मुळातच नकोत. रक्तदाबाचा आकडा कमी, पण माणूस ठणठणीत, तर डोस कमी करण्याचं कारण नाही. उठताना गरगरत असेल तर कार्वेडिलॉल जेवणासोबत घ्यावं, बाकी रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांशी वेळ अलग ठेवावी.

मधुमेह असल्यास एक ध्यानात ठेवावं: साखर घसरल्याची धडधड आणि थरथर दबते, घाम मात्र येतो. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार) हा अडथळा नाही. दमा असेल तर निर्णय तज्ज्ञाचा.

‘इको सुधारला, आता सोडून द्या’

हेही तपासून झालंय. ट्रेड-एचएफ चाचणीत विस्फारित कार्डिओमायोपथीतून (हृदय फुगून त्याचा स्नायू कमजोर होण्याच्या आजारातून) सावरलेले, लक्षणं नसलेले ५१ रुग्ण होते. पैकी २५ जणांची हार्ट फेल्युअरची औषधं देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने काढली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला. औषधं चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही नाही.

एकदम सोडणं त्याहून वाईट. औषधाच्या आडोशाने रिसेप्टर पुन्हा वाढलेले असतात. अडसर एका रात्रीत निघाला की नॉरॲड्रेनॅलिन त्यांच्यावर तुटून पडतं, नाडी धावते, लय बिघडू शकते. एखादा डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नये, ठरलेल्या वेळी ठरलेलाच घ्यावा. बरेच दिवस खंड पडला असेल तर जुन्या पूर्ण डोसवर उडी नको. डॉक्टरांना विचारून खालच्या पायरीवरून पुन्हा चढावं लागतं.