‘टाइप-सी आहे ना, मग कोणताही डॉक चालतो’ : एका संदेशाचा प्रतिवाद

आमच्या दारव्हा तालुक्यातील सेवा केंद्रचालक, ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक आणि जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचा आशय असा : लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर हजार-बाराशे रुपयांचा कोणताही हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा छोटा डबा) घ्या, तोच डॉकिंग स्टेशनचे, म्हणजे मॉनिटर, नेट आणि बाकी यंत्रे एका वायरीने लॅपटॉपला जोडणाऱ्या डॉकचे काम करतो, त्यावर १०० वॅट लिहिलेले असते, म्हणून चार्जर वेगळा लागत नाही, एकाच वायरीवर दोन मॉनिटर चालतात, पोर्ट जितके जास्त तितका हब चांगला, आणि आठ-दहा हजारांचे डॉक म्हणजे निव्वळ नावाचे पैसे. लिहिणाऱ्याचा हेतू चार पैसे वाचवून देण्याचाच असावा. परंतु या संदेशावर विसंबून माझ्या ओळखीच्या तिघांनी खरेदी केली आणि तिघांचेही पैसे अडकले. त्यांपैकी एकीने तर बचत गटाच्या कर्जातून लॅपटॉप घेतला होता. म्हणून प्रत्येक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या दाव्यात सगळ्या घोळाचे मूळ आहे. टाइप-सी हे पोर्टच्या आकाराचे नाव आहे; त्यातून काय वाहते, ते त्या नावावरून कळत नाही. विहिरीवरच्या पाइपाचा घेर सारखा असला म्हणून तीन एचपीच्या आणि साडेसात एचपीच्या मोटारीचे पाणी सारखे पडत नाही, तसेच हे आहे. २०१४ साली हा आकार ठरला, तेव्हापासून एकाच आकाराच्या पोर्टमधून सेकंदाला ४८० मेगाबिटपासून ४० गिगाबिटपर्यंत आणि अलीकडे त्याहूनही अधिक वेगाने माहिती जाऊ शकते. मॉनिटरचे चित्र जाऊ शकते किंवा जात नाही. लॅपटॉप चार्ज होऊ शकतो किंवा होत नाही. या तिन्ही गोष्टी लॅपटॉप बनवणाऱ्याने आत काय जोडले आहे त्यावर ठरतात. कमी किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये टाइप-सी पोर्ट फक्त माहितीची देवाणघेवाण करतो. अशा पोर्टला कितीही चांगला हब लावला तरी त्याच्या एचडीएमआय या चित्राच्या तोंडाला लावलेला मॉनिटर ‘नो सिग्नल’ असेच दाखवणार, आणि दुकानदाराने हब तीन वेळा बदलून दिला तरी त्यात फरक पडणार नाही.

तेव्हा तपासणी हबच्या खोक्यावरून नव्हे, तर लॅपटॉपपासून सुरू करावी. पोर्टशेजारी विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे वेगवान माहिती, चित्र आणि वीज तिन्ही नेणारा पोर्ट आहे. इंग्रजी डी आणि पी यांचे जोडचिन्ह असेल तर चित्र बाहेर येते. बॅटरीचे किंवा प्लगचे चिन्ह असेल तर त्यातून चार्जिंग होते. मात्र चिन्ह नाही म्हणजे सोय नाही, असेही धरून चालू नये, कारण काही उत्पादक चिन्हे छापतच नाहीत. लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या तपशीलपत्रात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ (चित्रासाठी) आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (चार्जिंगसाठी) हे शब्द आहेत का, ते पाहावे. चार्जिंगपुरती आणखी सोपी परीक्षा म्हणजे कोणाचा तरी ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर थेट त्या पोर्टला लावून पाहणे.

आता १०० वॅटचे. हब वीज तयार करीत नाही. त्याच्या एका पोर्टला तुम्ही टाइप-सी चार्जर लावाल, तर त्यातली वीज तो लॅपटॉपकडे पुढे पाठवतो, आणि खोक्यावरचा १०० हा आकडा तो जास्तीत जास्त किती वीज घेऊ शकतो ते सांगतो. त्यातली साधारण १० ते १५ वॅट तो स्वतःसाठी आणि त्याला लावलेल्या वस्तूंसाठी राखून ठेवतो. ६५ वॅटचा चार्जर लावला की लॅपटॉपच्या वाट्याला पन्नासच्या आसपास उरतात, आणि काम जड असेल तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. गोल पिनचा जुना चार्जर तर या हबला लागतच नाही. वायरीचाही भाग आहे : साधी टाइप-सी वायर ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंतचीच असते. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळख देणारी चिप असलेली वायर लागते. ज्या डॉकसोबत स्वतःचा अडॅप्टर येतो, त्याच्या बाबतीत अडॅप्टरचा आकडा न पाहता ‘लॅपटॉपला किती’ हा वेगळा दिलेला आकडा पाहावा. तो अडॅप्टर घेताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, हेही बघून घ्यावे, कारण आपल्याकडे संध्याकाळी गावभरचे दिवे लागले की विजेचा दाब खाली जातो आणि रात्री अचानक वर चढतो.

दोन मॉनिटरांचा दावा विंडोजच्या काही लॅपटॉपवर, योग्य डॉकसह, खरा ठरतो. पण एचडीएमआय आणि व्हीजीए अशी दोन्ही तोंडे असलेल्या अनेक स्वस्त हबांवर दोन्हींवर एकच चित्र दिसते, आणि ‘दोन मॉनिटर’ याचा अर्थ तेवढाच असतो. एका पडद्यावर अर्ज आणि दुसऱ्यावर सातबारा उघडा ठेवून काम करायचे असेल तर त्याचा काही उपयोग नाही. ॲपलचे लॅपटॉप तर एका वायरीतून दोन वेगळी चित्रे देण्याची विंडोजमधली पद्धत स्वीकारतच नाहीत. त्यांच्यासाठी, लॅपटॉप मुळात दोन बाहेरचे पडदे चालवत असेल तर थंडरबोल्ट डॉक, नाहीतर डिस्प्लेलिंक चिप असलेला डॉक लागतो. डिस्प्लेलिंक हा प्रकार जुन्या लॅपटॉपवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. तो चित्राची माहिती दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबीवरून पाठवतो, म्हणून ज्यांच्या टाइप-सीमधून चित्र येत नाही त्यांनाही दुसरा पडदा मिळतो. मात्र त्याचे सॉफ्टवेअर भरावे लागते आणि प्रोसेसरवर थोडा भार येतो. ‘४के’ (फुल-एचडीच्या चौपट बारीक चित्र) या शब्दालाही भुलू नये. स्वस्त हबांत ते बहुधा सेकंदाला ३० चित्रांचे असते आणि माउसचा बाण अडखळत चालतो. आपल्या केंद्रांतले मॉनिटर साधे फुल-एचडी असतात. त्यांना ही अडचण येत नाही, म्हणून ४केसाठी जास्तीचे पैसेही मोजू नयेत.

‘पोर्ट जितके जास्त तितका चांगला’ या वाक्याने मात्र मला खरोखर अस्वस्थ केले आहे, कारण त्याची किंमत केंद्रचालकाला नाही तर दारात उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते. मागच्या मार्गशीर्षात माझ्याच केंद्रात घडलेली गोष्ट आहे. सन्मान निधीच्या ई-केवायसीसाठी एक आजी आल्या होत्या. त्यांचा अंगठा चार वेळा लागला नाही. मी मशीन पुसले, त्यांची बोटे ओल्या फडक्याने पुसली, दुसरे बोट घेतले, तरी नाही. त्या बोटांकडे बघत म्हणाल्या, “जिंदगीभर कापूस येचला बापा, आता बोटाले रेघाच नाही राहिल्या.” मीही तेच समजलो आणि त्यांना उद्या या म्हणणार होतो. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात यंत्र तुटल्याची आणि पुन्हा जोडल्याची सूचना येऊन गेली. नवीन सात पोर्टांच्या हबला मी अंगठ्याचे मशीन, वेबकॅम आणि कागदपत्रांची पोर्टेबल हार्ड डिस्क एकत्र लावली होती. हार्ड डिस्क काढली आणि पाचव्या वेळी अंगठा लागला. रेघा होत्या. वीज पुरत नव्हती.

कारण समजायला कठीण नाही. लॅपटॉपचा साधा यूएसबी ३ पोर्ट नियमाप्रमाणे ९०० मिलीअँपिअर वीज देतो आणि जुना यूएसबी २ पोर्ट ५००. टाइप-सी पोर्ट त्याहून जास्त देऊ शकतो, पण प्रत्येक लॅपटॉप देतोच असे नाही. हबला स्वतःचा अडॅप्टर नसेल तर सातही पोर्ट तेवढ्यातच वाटून घेतात, आणि फिरणारी एक हार्ड डिस्क सुरू होताना त्यातला बहुतेक हिस्सा घेऊन टाकते. मग एखादे यंत्र क्षणभर बंद पडते. माहितीच्या वेगाचेही तसेच आहे : ५ गिगाबिटच्या एका वायरीमागे कितीही पोर्ट काढले तरी वाट तेवढीच राहते. पूर्वी किती जणांना मी ‘तुमच्या बोटांवर ठसा नाही’ म्हणून परत पाठवले असेल, याचा हिशोब आता लागणार नाही. ज्यांच्याकडे अंगठा घेण्याचे काम आहे त्यांनी ते मशीन हबला लावूच नये, थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बिनवायरीच्या माउसचा पोर्टात खोचायचा छोटा रिसीव्हरही यूएसबी ३ पोर्टपासून दूर ठेवावा, कारण त्या पोर्टांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो आणि माउस अडकतो.

संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि ती आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची आहे : लाइन जाणे. स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा डॉक लाइन जाताच बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण मॉनिटर, नेटची वायर आणि डॉकला लावलेली सगळी यंत्रे एकदम तुटतात. चार्जरची वीज पुढे पाठवणाऱ्या हबमध्ये वेगळाच प्रकार होतो. लाइन गेली की हब लॅपटॉपकडून वीज घेऊ लागतो, पण त्या बदलाच्या क्षणी अनेक हब एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतात. हा खंड टाळण्यासाठी पॉवर डिलिव्हरीच्या नियमांत ‘फास्ट रोल स्वॅप’ नावाची सोय आहे, पण ती सगळ्याच हबांत नसते. पेन ड्राइव्हवर पीक विम्याच्या पावत्या उतरत असताना असे झाले की फाइल खराब होऊ शकते. दुकानात याची परीक्षा एका मिनिटात होते : पेन ड्राइव्हवर मोठी फाइल चढवायला लावावी आणि मध्येच चार्जरची पिन काढावी. दुकानदार नाही म्हणाला तर तो हब घेऊ नये. डॉक, मॉनिटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर असतील तर बराच त्रास वाचतो. दिवसभर टिनाखाली काम करणाऱ्यांनी मे महिन्यात धातूचा हब कागदांखाली दाबून ठेवू नये. तो तसाही तापतो, त्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो.

शेवटचा दावा, महाग डॉक म्हणजे नावाचे पैसे, हा मला अर्धा मान्य आहे. २०२० साली आलेल्या थंडरबोल्ट ४ मध्ये ४० गिगाबिटचा वेग आणि दोन ४के पडद्यांची सोय ही अटच आहे. ज्याला व्हिडिओ जोडायचे आहेत किंवा रोज शेकडो गिगाबाइट हलवायचे आहेत, त्याच्यासाठी ती किंमत रास्त ठरते. दाखले काढणारे, अर्ज भरणारे आणि फोटो चढवणारे आपले केंद्र त्यात बसत नाही. नेटचेही तसेच, गावातल्या जोडणीचा वेग १०० मेगाबिटच्या खाली असेल तर गिगाबिट पोर्टने अर्ज लवकर जात नाही. पण स्वस्तात घ्यायचे म्हणजे न तपासता घ्यायचे असे नव्हे, आणि संदेश सांगतो ते नेमके तेच.

माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सीमधून चित्र येत नाही, हे मी मॉडेल क्रमांकावरून तपासले. म्हणून मॉनिटर त्याच्याच एचडीएमआयला थेट लावला आहे, अंगठ्याचे मशीन लॅपटॉपच्या डाव्या पोर्टला, आणि वेबकॅम, हार्ड डिस्क व प्रिंटर स्वतःचा अडॅप्टर असलेल्या चार पोर्टांच्या साध्या हबला. तो अडॅप्टर इन्व्हर्टरवर आहे. सात पोर्टांचा हब कपाटात पडून आहे, आणि डॉक मी घेतलेला नाही.