‘तीन दिवस रडू द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चौदा दिवसांची असताना तिच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला: ‘डबा बंद, अंगावरचं दूध सुरू, फक्त ३ दिवसांत!’ आठवडाभरात तोच मेसेज मला फोंड्याच्या मैत्रिणींकडून आला, मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर, मग मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या. त्यात सांगितलंय ते असं. वरचं दूध एका दिवसात तोडा, बाळ तीन दिवस रडलं तरी देऊ नका, भुकेने ते ओढेल आणि पान्हा फुटेल. अगदीच राहवलं नाही तर पावडर निम्मी करून पातळ दूध द्या. मध्ये मध्ये पाणी पाजा, मध चाटवा. बाळंतिणीचे मासे बंद करा. पंपाने दूध काढून बघा, कमी निघालं तर तुम्हाला दूधच नाही. आणि शेवटी, ‘डब्याचं दूध म्हणजे विष, जागतिक आरोग्य संघटनाही हेच म्हणते.’

मी डॉक्टर नाही. दोन मुलं अंगावर वाढवलीत, आणि पहिल्याच्या वेळी मलाही महिनाभर वरचं दूध द्यावं लागलं होतं. त्यामुळे डबा सुटावा ही आईची तळमळ मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच या मेसेजचा मला संताप येतो. तो नेमकं त्या तळमळीला हात घालतो.

आधी ते तीन दिवस. बहिणीचं सिझेरियन झालं, दूध उतरायला उशीर झाला, बाळाचं वजन घटलं, म्हणून डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं होतं. दर वेळी ३० मिलिलिटर, दिवसातून आठ वेळा. मेसेज वाचून तिने ते एका सकाळी बंद केलं. पहिला दिवस मुलगी रडून रडून लाल झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गप्प झाली, आणि घरातल्यांना वाटलं, चला, जमलं. मी संध्याकाळी पोचले. बाहेर पाऊस, पडवीत दोरीवर दुपटी वाळत घातलेली, पण ती सगळी आदल्या दिवशीची. त्या दिवशी सकाळपासून दोनच लंगोट ओले झाले होते आणि एकावर विटेच्या रंगाचा डाग होता. मुलगी पदराखाली दोन घोट ओढायची आणि झोपून जायची. तळवा चोळला तरी डोळे उघडत नव्हती. मी म्हटलं, आत्ता वाटीत दूध कालव. तर बहीण रडत म्हणाली, “ताई, तीन दिवस लिहिलंय, आज दुसराच आहे.”

बोंडल्याने दूध पाजलं आणि तसंच दवाखान्यात नेलं. दोन दिवसांपूर्वी २ किलो ६८० ग्रॅम असलेलं बाळ २ किलो ५६० भरलं. डॉक्टरांनी डागाचा अर्थ सांगितला: लघवी इतकी घट्ट झाली की त्यातले क्षार लंगोटावर उतरतात. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत हे दिसू शकतं. तिसऱ्या आठवड्यात दिसलं तर बाळाच्या पोटात पुरेसं जात नाही.

भुकेलं बाळ जोराने ओढतं हे एखाद्या तासापुरतं खरं असेल. दोन दिवस उपाशी राहिलेलं बाळ अशक्त होतं आणि अशक्त बाळाला ओढताच येत नाही. आईच्या अंगात दूध तयार होतं ते जितकं बाहेर निघेल त्या मानाने. बाळाने ओढलं नाही की छाती भरून राहते आणि शरीर दूध कमी बनवायला लागतं. म्हणजे मेसेजमधल्या उपायाने पान्हा आटतो. वर आई घाबरलेली असली की आहे ते दूधही सहज सुटत नाही.

पातळ दुधाचं तर बोलायलाच नको, इतकं ते घातक आहे. पावडर निम्मी केली की बाळाचं पोट पाण्याने भरतं, पोषण मिळत नाही, आणि रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. वरचं दूध द्यायचं तर डब्यावरच्या मापानेच. कमी करायचं ते दुधाचं प्रमाण, दाटपणा कधीच नाही.

पाणीही नको. आईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं, गोव्यातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळं पाणी लागत नाही. मध वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, स्नायू लुळे पडतात. आजीने चाटवला होता आणि काही झालं नाही, हे उत्तर मला कुणी देऊ नये. मासे बंद करायचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बांगडा, तारली खुशाल खावी, मोरीसारखे मोठे मासे तेवढे टाळावेत. पंपाचं म्हणाल तर नीट पकड घेतलेलं बाळ पंपापेक्षा जास्त दूध काढतं, बाटलीत तळाला थेंब दिसले म्हणून रडत बसू नये.

आता ‘विष’. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. कारण नसताना दिलेलं वरचं दूध अंगावरचं पाजणं मोडतं, आणि कंपन्यांनी आयांना भुलवलं म्हणूनच आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला. २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद दुधाची आणि आहाराची जाहिरातच करता येत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर जे खपवलंय ते अर्धं वाक्य आहे. स्तनपानासाठी त्यांनी आणि युनिसेफने प्रसूतिगृहांना दहा पायऱ्या घालून दिल्यात, २०१८ मध्ये त्या सुधारून काढल्या. सहावी पायरी म्हणते, नवजात बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. मेसेज लिहिणाऱ्याने शेवटचा भाग कापला. माझ्या भाचीला दूध सुरू केलं ते त्याच कापलेल्या भागामुळे.

मग डबा सुटतो कसा? बहिणीला डॉक्टरांनी आणि तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं ते असं. आधी पकड तपासून घ्या: बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, नुसतं बोंड तोंडात नको, भोवतालचा काळा भागही हवा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पाजून झालं की हाताने किंवा पंपाने दहा-पंधरा मिनिटं दूध काढा, ते आधी वाटी-चमच्याने द्या, आणि कमी पडेल तेवढंच डब्याचं. मग दिवसभराच्या एकूण २४० मधून ३० मिलिलिटर कमी करायचे आणि तीन दिवस थांबायचं. रोज सहा तरी लंगोट चांगले ओले झाले पाहिजेत, आठवड्याला वजन दीडशे ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. नाही वाढलं तर मागच्या मापावर परत, त्यात हरल्यासारखं वाटून घ्यायचं नाही. हे माप माझ्या भाचीचं. तुमच्या बाळाचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि बाळ सुस्त असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, तर हे वाचत बसू नका, दवाखान्यात न्या.

भाची आज एकेचाळीस दिवसांची आहे, ३ किलो २६० ग्रॅम. तिन्हीसांजेला किरकिर सुरू होते तेव्हाचे ३० मिलिलिटर तेवढे अजून राहिलेत. येत्या बुधवारी वजन करून मग ते काढायचे की नाही ते ठरवणार आहोत.