शेरलॉक होम्सचं गाव कोणतं?

सोलापुरात नवा माणूस भेटला की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला. गाव कोणतं? पूर्व भागात तो तेलुगूत येतो, ‘मी ऊरु एदि?’ कन्नड बोलणाऱ्या घरात, ‘निम्म ऊर यावुदु?’ 1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि तेव्हापासून मागाच्या मागे माणसं येत राहिली. घरं इथे झाली, मुलं इथे शिकली, पण ‘गाव’ म्हटलं की बोट अजून दुसरीकडे जातं. आमचा पत्ता साखर पेठेतला, गाव करीमनगरकडचं.

परवा एका मित्राने विचारलं, जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचं घर शोधण्यात तुम्ही होम्सचे चाहते एवढा वेळ का घालवता? ही पोस्ट त्याच्यासाठी.

होम्सचा पत्ता जगाला पाठ आहे. 221 बी, बेकर स्ट्रीट. खोलीपर्यंतच्या सतरा पायऱ्याही त्यानेच मोजून आपला मित्र डॉ. वॉटसनला सांगितल्या आहेत. गाव मात्र नाही. समोरच्याच्या बुटावरचा चिखल बघून तो कुठून आला हे सांगणारा माणूस स्वतः कुठून आला हे सांगत नाही. वॉटसनने तर तो अनाथ असावा, त्याचं कुणी जिवंत नसावं, असं मनाशी धरून टाकलं होतं. मग 1893 सालच्या ‘ग्रीक इंटरप्रीटर’ या कथेत एका उन्हाळ्यातल्या संध्याकाळी चहानंतर गप्पा रंगतात आणि होम्स अचानक बोलून जातो. पूर्वज गावाकडचे जमीनदार होते, आजी व्हर्ने या फ्रेंच चित्रकाराची बहीण होती, आणि मायक्रॉफ्ट नावाचा सात वर्षांनी मोठा भाऊ आहे. बस्स. आईवडिलांबद्दल अक्षर नाही.

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. पूर्वज आपल्या वर्गाला साजेसं आयुष्य ‘जगले असावेत’, असा त्याचा सूर आहे. असावेत! स्वतःच्या आजा-पणजाबद्दल माणूस असं कधी बोलतो? ज्याने ते घर, ती जमीन नीट पाहिलेलीच नाही, तो. माझे वडील करीमनगरच्या घराबद्दल अगदी याच सुरात बोलतात. ‘चिंचेचं झाड होतं म्हणे.’

होम्सच्या घराचा शोध नवा नाही. कथांचा असा चिकित्सक अभ्यास 1911 साली रोनाल्ड नॉक्स यांनी ऑक्सफर्डमध्ये एका निबंधाने सुरू केला. घराच्या बाबतीत सगळ्यात गाजलेलं उत्तर दिलं ते बेरिंग-गूल्ड या होम्स-अभ्यासकाने. 1962 साली त्यांनी होम्सचं अख्खं चरित्रच लिहिलं. जन्म 6 जानेवारी 1854, ठिकाण यॉर्कशायर, घराचं नाव मायक्रॉफ्ट, आणि मायक्रॉफ्टहूनही थोरला, शेरिनफर्ड नावाचा एक भाऊ. यातल्या 1854 ला कथेचा आधार आहे, कारण ऑगस्ट 1914 मध्ये घडणाऱ्या कथेत होम्स साठीचा दिसतो. थोरल्या भावामागचा तर्कही भक्कम आहे. तिकडे त्या काळी जमिनीची भावाभावांत वाटणी होत नसे, इस्टेट थोरल्याकडे जायची. मायक्रॉफ्ट थोरला असता तर तो गावी वाड्यात बसला असता. पण तो लंडनमध्ये वर्षाला साडेचारशे पौंडांवर सरकारी नोकरी करतो. म्हणजे वाडा सांभाळणारा तिसरा कुणी असणार.

मला हे पटत नाही. घर सांभाळणारा भाऊ असता, तर शेरलॉक सुट्टीत गावी गेला असता.

पुरावा ‘ग्लोरिया स्कॉट’ कथेत आहे. कॉलेजची लांब सुट्टी लागते. तो मित्राच्या घरी नॉरफोकला महिनाभर राहायला जातो, आणि तिथून निघाल्यावर जातो कुठे? लंडनच्या आपल्या खोलीवर. सात आठवडे रसायनांचे प्रयोग करत बसतो. विशीतला मुलगा, अख्खी सुट्टी, आणि घराकडे पाय वळत नाहीत. आपल्याकडे हॉस्टेलवर असा एखादा मुलगा असतोच. दिवाळीत सगळे बॅगा भरतात, तो ‘अभ्यास आहे’ म्हणतो. आपण जास्त विचारत नाही, कारण त्याला जायला घर नसतं.

दुसरा पुरावा ‘कॉपर बीचेस’चा. रेल्वेतून हॅम्पशायरची सुंदर शेतघरं बघून वॉटसन खूश होतो. होम्सला मात्र ती एकाकी घरं बघून भीती वाटते. लंडनच्या बकाल गल्लीत मारलेल्या मुलाची किंकाळी शेजारी ऐकतात, इथे ऐकणार कोण, असं त्याचं म्हणणं. काही वाचक यावरून त्याच्या बालपणी घरात खून झाला होता इथवर जातात. तेवढं मला या उताऱ्यात दिसत नाही. मला एवढंच दिसतं की मोठ्या घरातली शांतता त्याला आतून माहीत आहे आणि ती त्याला प्रेमाने आठवत नाही.

माझं मत असं, की होम्स घराण्याची जमीन दोघे भाऊ वयात येईपर्यंत गेली होती. विकली, कर्जात गेली, काहीही. म्हणून तर थोरला असूनही मायक्रॉफ्ट नोकरी करतो. 2020 च्या एनोला होम्सवरच्या, म्हणजे होम्सच्या कल्पित धाकट्या बहिणीवरच्या चित्रपटात फर्नडेल नावाचं मोठं घर दाखवलंय आणि त्याचा वारस मायक्रॉफ्टच आहे. बघायला छान आहे, पण त्या घरामुळे होम्सचं एकटेपण हलकं होतं. आजीकडचं नातं मात्र टिकलं असावं. वॉटसनचा दवाखाना व्हर्नर नावाच्या तरुण डॉक्टरने विकत घेतला, तो होम्सचा लांबचा नातेवाईक निघाला, आणि पैसे होम्सनेच दिले होते. व्हर्ने, व्हर्नर. त्या माणसाने नातं जपलं ते असं, कुणाला न सांगता.

आपल्या जवळच्या लेखकांनी नायकाला गाव दिलं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं फुरसुंगी तर पुस्तकाच्या नावातच आहे. सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा पहिल्यांदा 1965 साली आला. तो राहतो कोलकात्यात रजनी सेन रोडवर, पण मूळ घर ढाक्याकडच्या विक्रमपूर भागातल्या सोनादिघीचं. वडील ढाक्याला शाळेत गणित आणि संस्कृत शिकवायचे, फेलू नऊ वर्षांचा असताना गेले. फाळणीनंतर ते गाव दुसऱ्या देशात. राय यांनी त्यावर कुठेही गळा काढलेला नाही, पण ते नाव वाचल्यावर फेलूदाकडे बघायची माझी नजर बदलली.

आणि होम्सच्या घराचं खरं उत्तर द्यायचं तर ते शेरलॉकला विचारून मिळणार नाही. मायक्रॉफ्टला विचारायला हवं. सात वर्षं फार असतात. धाकट्याला ‘असावेत’ एवढंच उरतं, थोरल्याने दारं-खिडक्या पाहिलेल्या असतात.

आमचे पेद्दनान्ना, म्हणजे मोठे काका, वडिलांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे. यंदा गड्ड्याच्या यात्रेला सगळे जमलो होतो. होम्सचा हा विषय माझ्या डोक्यात होताच, म्हणून त्यांना गावच्या घराबद्दल विचारलं. त्यांनी बिलाच्या पाठीवर नकाशा काढून दिला. पूर्वेला दार, आत शिरल्यावर डावीकडे आजोबांचा खड्ड्यातला माग, मागे विहीर. चिंच अंगणात नव्हती, रस्त्यापलीकडे होती. वडील शेजारी बसून बघत होते. बराच वेळ त्यांनी तो कागद हातातून सोडला नाही.