प्रतिक्रियेला उत्तर: सिंकचं पाणी बोटीबाहेर काढताना

नमस्कार.

बोटीवरच्या सिंक-शॉवरच्या सांडपाण्यावरच्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी तुमचे मुद्दे आधी मांडतो. कॉकपिटचं (बोटीतल्या उघड्या, खोलगट बैठकीच्या जागेचं) पाणी आणि सिंकचं पाणी वाय-जोडाने (दोन नळ्या एकीत मिळवणाऱ्या जोडाने) एकाच भोकातून काढण्याचा माझा सल्ला धोक्याचा आहे, असं तुम्ही म्हणता. २६ फुटी फायबरच्या बोटीला ब्रॉन्झचा सीकॉक (बोटीच्या अंगातल्या भोकावरचा बंद करता येणारा व्हॉल्व्ह) सुचवून मी वाचकाला नाहक खर्चात पाडतो, हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बॉल व्हॉल्व्ह तेच काम करतो, हा दुसरा आक्षेप. शॉवरचं पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पाणी साचणाऱ्या पोकळीत) सोडलं आणि बिल्ज पंपाने बाहेर फेकलं तर बिघडलं कुठे, हा तिसरा. आणि गोव्याच्या मांडवीत रोज दोनदा भरती-ओहोटी होते, चार माणसांच्या हात धुण्याने नदीचं काय होणार, मग सांडपाण्याच्या टाकीचा खटाटोप कशाला, आणि ती टाकी रिकामी तरी कुठे करायची, हा चौथा.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. बोटीच्या अंगाला भोकं जितकी कमी तितकं बरं, या हिशोबाने मी तो जोड सुचवला होता. पण सिंकच्या नळीत शितं, मसाल्याचा चोथा, केस जातात आणि ते नेमके वाय-जोडाच्या पुढच्या सामाईक भागात अडकतात. तिथे तुंबलं की कॉकपिटमध्ये पडलेल्या पावसाला बाहेरची वाट उरत नाही, सिंकची मात्र असते. मांडवीच्या मुखाशी लाट चढून कॉकपिट अर्धं भरलं, तर पाण्याची पातळी सिंकच्या काठावर जाऊ शकते आणि तेवढं सगळं पाणी केबिनमध्ये उतरतं. कॉकपिटचा निचरा ही जीव सांभाळणारी व्यवस्था आहे, तिच्यात स्वयंपाकघर आणायला नको होतं. लेखातला तो परिच्छेद काढला आहे. कॉकपिटला दोन स्वतंत्र निचरे, प्रत्येकी ३८ मिलिमीटरचे, आणि सिंकला त्याची वेगळी वाट, असा बदल केला आहे.

ही वेगळी वाट शक्यतो पाणरेषेच्या वरच काढा. पाणरेषा रिकाम्या बोटीची धरू नका. नेहमीची माणसं, भरलेलं इंधन आणि पाणी घेऊन बोट कुठवर बसते ते बाहेरून टेप चिकटवून ठरवा. त्या टेपच्या वर किमान १५ सेंटिमीटरवर बाहेरचं तोंड, आणि तोंडाच्या वर आणखी १५ सेंटिमीटरवर सिंकचा तळ. नळीला मीटरमागे ४ सेंटिमीटर उतार द्या. घरात याच्या निम्म्यात भागतं, पण बोट पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे थोडी कलती बसली की उताराचा काही भाग तिथेच संपतो. शिडाच्या बोटीत झुकलेल्या बाजूचं तोंड पाण्याखाली जातं, म्हणून तिथे वरच्या तोंडालाही व्हॉल्व्ह हवा. नॉन-रिटर्न फ्लॅपवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका. एक शीत अडकलं तरी तो उघडा राहतो.

सिंक इतकं खाली असेल की हे जमतच नाही, तरच पाणरेषेखाली भोक पाडायचा विचार करा. त्याआधी एक हिशोब डोळ्यांसमोर असू द्या. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवरचं २५ मिलिमीटरचं उघडं भोक मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी आत घेतं. ६० सेंटिमीटरवरचं ३८ मिलिमीटरचं भोक सुमारे १४० लिटर घेतं. ज्या बिल्ज पंपावर ताशी ४००० लिटर छापलेलं असतं, तो पाणी वर चढवताना, लांब नळीतून आणि उतरत्या बॅटरीवर त्याच्या निम्म्याच्या आसपास देतो, म्हणजे मिनिटाला ३०-३५ लिटर. लहान भोकालासुद्धा तो पुरा पडत नाही.

म्हणूनच धातूच्या बाबतीत मी माघार घेत नाही. हार्डवेअरचा पितळी व्हॉल्व्ह म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त विरघळून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा उरतो. बाहेरून आकार तसाच दिसतो, म्हणून फसायला होतं. चाकूच्या टोकाने खरवडून पाहा: आत पिवळा रंग दिसला तर ठीक, गुलाबी दिसला तर तो तुकडा हाताच्या झटक्याने तुटू शकतो. स्टेनलेस स्टीलही इथे उत्तर नाही. त्याचं संरक्षण ऑक्सिजनवर चालतं, आणि सीलंटखाली किंवा आट्यांमध्ये साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन नसतो. त्यामुळे ३१६ प्रतीचं स्टीलसुद्धा दिसत नाही अशा जागी खड्डे पडून गळू लागतं. ब्रॉन्झ किंवा गनमेटल, जस्त न सोडणारं खास पितळ, किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा मरीन सीकॉक, एवढेच पर्याय उरतात. खर्चाची तुमची तक्रार रास्त आहे, आणि नायलॉनचा पर्याय लेखात यायला हवा होता. तो गंजत नाही, हलका असतो. मात्र दांडा जोर लावून फिरवला तर मोडतो, म्हणून महिन्यातून एकदा उघड-बंद करून तो मोकळा ठेवावा लागतो.

आट्यांकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. बोटीच्या अंगातून येणाऱ्या थ्रू-हलचे (सीकॉक ज्यावर बसतो त्या नळकांड्याचे) आटे सरळ असतात, दुकानातल्या बऱ्याच व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-तीन आट्यांतच ते घट्ट होतात, आणि सगळा भार त्या दोन-तीन आट्यांवर येतो. त्यात आपल्याकडे बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे चालतात, तर आयात मरीन सामान पुष्कळदा एनपीटीचं (अमेरिकी मापाचं) असतं. पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळे बसल्यासारखं वाटतं, पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. एक इंचात तर ११ आणि साडेअकरा आटे, म्हणजे मेळच नाही. टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळून हा फरक भरत नाही. थ्रू-हल आणि सीकॉक एकाच बनावटीची जोडी म्हणूनच घ्या.

भोक पाडायचं काम पावसाळ्यात बोट जमिनीवर काढलेली असतानाच करा, आणि फायबर कोरडं होऊ द्या. आतून ६ मिलिमीटरचं छोटं भोक घ्या, बाहेर जाऊन ते कुठे निघालं ते पाहा, मग होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) बाहेरून चालवा. निघालेली चकती टाकू नका, तिच्या कडेवर बोटीची जात दिसते. सलग फायबर असेल तर उत्तम. मध्ये फोम किंवा बाल्सा लाकूड असेल तर भोकाभोवतीचा १२ ते १५ मिलिमीटर गाभा खरवडून काढा, तिथे घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, ते कडक झाल्यावर पुन्हा भोक घ्या. ही पायरी गाळली तर गाभा पाणी पीत राहतो आणि काही हंगामांत आजूबाजूचं अंग दाबलं की मऊ लागतं. आतून भोकाच्या दुप्पट व्यासाची, इपॉक्सी पाजलेल्या मरीन प्लायची किंवा फायबर शीटची आधारपट्टी चिकटवा. सीलंट पॉलियुरेथेनचा मरीन प्रतीचा वापरा. सिलिकॉन नको, कारण त्याचा थर राहिला की पुढे तिथे दुसरं काहीच चिकटत नाही. नट इतकाच आवळा की सीलंट सगळीकडून सारखा बाहेर येईल. सगळा पिळून बाहेर काढलात तर सांधा कोरडा राहतो.

नळी आतून गुळगुळीत, तार गुंफलेली घ्या. वळ्यांची स्वस्त बिल्ज नळी सिंकला लावू नका, तिच्या प्रत्येक वळीत चिखल बसतो. पाणरेषेखालच्या टोकाला ३१६ च्या दोन क्लिपा लावा, आणि दोन्ही क्लिपा मावतील इतकी सीकॉकची तोटी नळीच्या आत आहे याची खात्री करा. एवढं न बघता लावलेली दुसरी क्लिप तोटीच्या टोकाबाहेर बसून नळीच कापते. प्रत्येक सीकॉकला निमुळतं लाकडी बूच दोरीने बांधलेलं असावं. बोट पाण्यात उतरवल्यावर सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा आणि तासाभराने पाहा. हाताला न कळणारी ओल त्यावर दिसते.

आता बिल्ज. तिथे इंजिनाखालच्या तेलाचा थोडाफार थर असतोच. तेल एकटं असतं तेव्हा वर तरंगतं आणि पुसून काढता येतं. शॉवरचा साबण त्यात गेला की तेल बारीक थेंबांत फुटून पाण्यात मिसळतं, आणि पंप ते सगळं नदीत फेकतो. शिवाय केस आणि साबणाचा लगदा फ्लोट स्विचवर (पाणी चढलं की पंप सुरू करणाऱ्या तरंगत्या बटणावर) चढून तो अडकतो. वर अडकला तर पंप चालत राहून बॅटरी संपते. खाली अडकला तर खरी गळती होईल त्या दिवशी पंप सुरूच होत नाही. शॉवरला झाकणाचा वेगळा सम्प बॉक्स (पाणी गोळा करणारी पेटी) द्या, त्याला सहज निघणारी जाळी, आणि डायफ्राम पंप (लवचीक पडद्याने पाणी ढकलणारा). डायफ्राम पंप कोरडा चालला तरी तग धरतो. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या पंख्यावर केस गुंडाळतात. पंपाच्या लेबलवर लिहिलेल्या क्षमतेचाच फ्यूज लावा.

स्वयंपाकाबद्दल गोव्यापुरती एक गोष्ट. आपल्या हुमणात (माशांच्या कालवणात) नारळाचा रस असतो, तळण खोबरेल तेलात होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. एप्रिलमध्ये ते नळीतून वाहून जातं, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा २० अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी सिंक तुंबलेलं सापडतं. उकळतं पाणी ओतलं तर पीव्हीसी नळी मऊ होऊन क्लिपेखालून सुटू शकते. हाताला सोसेल इतपत गरम पाणी सावकाश सोडा. त्याहून बरं म्हणजे ताट धुण्याआधी कागदाने पुसायचं आणि तो कागद कचऱ्यात टाकायचा. निम्मं काम तिथेच होतं, आणि याला एकही फिटिंग लागत नाही.

राहिला नदीचा प्रश्न. कायद्यावर फार वेळ घालवत नाही. मार्पोलचं (जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं) मलजलाचं परिशिष्ट मोठ्या जहाजांसाठी आहे आणि निव्वळ सिंक-शॉवरचं पाणी त्यात येत नाही, हे खरं. पण तेच पाणी शौचालयाच्या नळीत मिसळलं की सगळंच मलजल ठरतं, म्हणून दोन्ही नळ्या कुठेही जोडू नका. शिवाय १९७४ चा आपला जलप्रदूषण कायदा ‘प्रवाह’ या शब्दात भरतीचं पाणीही धरतो.

भरती-ओहोटी सगळं वाहून नेते हा समज मात्र तपासायला हवा. पावसाळ्यात मांडवी-जुवारीला डोंगरातून प्रचंड पाणी येतं आणि ते खरंच सगळं समुद्रात ढकलतं. पण तेव्हा आपल्या बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. आपला हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि नेमकं तेव्हाच वरून येणारं गोडं पाणी आटत जातं. ओहोटीला बाहेर गेलेल्या पाण्यातलं बरंचसं सहा तासांनी भरतीबरोबर आत येतं. भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या) दिवसांत तर हालचाल आणखी मंद. कुंभारजुव्याच्या कालव्यात किंवा एखाद्या खाडीत नांगर टाकून ताटं धुतली, तर ते पाणी भरतीला मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) शिरतं. चिखलीच्या उपसागरातले शिंपले, तिसऱ्या, कालवं याच पाण्यातून अन्न गाळून घेतात, आणि त्या आपल्याच ताटात येतात. ‘बायोडिग्रेडेबल’ साबणावर निश्चिंत राहू नका. सहज विघटन होणारा पदार्थ ठरवण्याच्या नेहमीच्या चाचणीत २८ दिवसांत ६० टक्के विघटन अपेक्षित असतं. माशाच्या कल्ल्यांना त्याच्या कितीतरी आधी तो साबण भेटतो.

टाकी फार मोठी लागत नाही. सहा माणसं, एक दिवस: हात धुण्याला माणशी २ लिटर म्हणजे १२, भांड्यांना १०, अंगावरचं खारं पाणी उतरवायला माणशी ३ म्हणजे १८. एकूण ४०. टाकी तीन चतुर्थांशावर भरू द्यायची नाही, म्हणून ५५ लिटरची घ्या. प्लास्टिकची, हात जाईल एवढ्या झाकणाची, आणि बोटीच्या मध्यरेषेवर खाली बसवलेली. एका बाजूला हलणारं ४० किलो पाणी छोट्या बोटीला जाणवतं. हवेची नळी १९ मिलिमीटरहून बारीक नको आणि तिचं तोंड खिडकीजवळ नको. सिंकला खाऱ्या पाण्याचा नळ असेल तर तो टाकीत सोडू नका: समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि गोव्याच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी कुजक्या अंड्यांचा वास येतो. फक्त गोड्या पाण्याचं सांडपाणी असलं तरी टाकी २४ तासांच्या आत रिकामी करून धुवा.

आणि ती रिकामी कुठे करायची, हा तुमचा शेवटचा प्रश्न. हातपंपाने २० लिटरच्या कॅनमध्ये काढा. ४० लिटर म्हणजे दोन कॅन. घरी शोषखड्डा असेल तर तिथे, नाहीतर मोरीचं पाणी जातं तसं माडाच्या आळ्यात. माड थोडं खारटही सोसतो. रोज एकाच माडाला देऊ नका, आणि विहिरीपासून लांबचा निवडा.