मामांचा फॉरवर्ड आणि गोठलेला समुद्र

आमच्या घरच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक फॉरवर्ड उगवतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. ‘ध्रुवावरचा समुद्र लाखो वर्षांपासून गोठलेला आहे. हा बर्फ इतका शुद्ध आणि थंड आहे की त्यात काहीही जगू शकत नाही. मात्र त्यात प्राचीन जीवाणू कैद आहेत. बर्फ वितळला की ते जागे होतील, समुद्रातून आपल्या किनाऱ्याला लागतील आणि कोरोनापेक्षा मोठी साथ येईल.’ खाली एक फोटो: बर्फाचा उलटलेला तुकडा, त्याची खालची बाजू चहाचा डाग पडल्यासारखी तपकिरी, आणि ओळ, ‘बघा, प्रदूषण कुठवर पोहोचलं!’

यंदा तो मामांनी पाठवला, म्हणून उत्तर लिहिणं भाग पडलं. मामांना नुसतं ‘हे खोटं आहे’ सांगून भागत नाही. ‘कशावरून?’ हे येतंच.

आधी ‘लाखो वर्षांपासून’चं बघू. दक्षिण ध्रुवाभोवतीचा समुद्रबर्फ सप्टेंबरात साधारण १ कोटी ८० लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला असतो आणि फेब्रुवारीत ३० लाखांच्या आसपास उरतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तर २० लाखांपेक्षाही कमी उरला. म्हणजे यातला बहुतेक बर्फ वर्षभराचंही आयुष्य काढत नाही. उत्तरेकडे काही बर्फ चार-पाच वर्षं टिकतो, पण तोही एका जागी बसून राहत नाही. नॉर्वेच्या नान्सेन या ध्रुवसंशोधकाने १८९३ मध्ये ‘फ्राम’ नावाचं जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं, आणि त्या बर्फानेच ते वाहवत नेऊन १८९६ मध्ये दुसऱ्या टोकाला सोडलं.

लाखो वर्षांचा बर्फ आहे, पण तो जमिनीवर. अंटार्क्टिकाच्या पठारावरून ८ लाख वर्षं जुना बर्फ भोक पाडून काढलेला आहे. तो पडलेल्या हिमाचा, गोड्या पाण्याचा. हिमनगही त्याच घराण्यातला, जमिनीवरून तुटून समुद्रात आलेला. सैबेरियातली कायम गोठलेली माती हा आणखी वेगळा प्रकार. आणि समुद्राचं खारं पाणी जागच्या जागी गोठून होतो तो समुद्रबर्फ. मराठीत आपण चौघांनाही ‘बर्फ’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते या फॉरवर्डची अर्धी गडबड इथेच आहे.

आता ‘शुद्ध, त्यात काहीही जगत नाही’. लहानपणी शाळेबाहेर पेप्सीकोला मिळायचा, प्लास्टिकच्या नळीतला. दोन-तीनदा जोरात चोखला की गोड रंगीत पाणी सगळं तोंडात यायचं आणि नळीत उरायचा पांढरा, बेचव बर्फ. पाणी गोठताना त्याचे स्फटिक साखरेला आत घेत नाहीत, म्हणून साखर फटीफटींत साचून राहते आणि चोखली की निघून येते. समुद्राचंही तेच होतं. ते शून्याला गोठत नाही, उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, आणि मीठ बाहेर ढकलतं. त्यातलं पुष्कळ खाली समुद्रात निथळतं. उरलेलं बर्फाच्या आतच बारीक नळ्यांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये अडकतं, घट्ट खारवण होऊन. म्हणजे बर्फाचा स्फटिक शुद्ध असतो हे फॉरवर्डचं म्हणणं बरोबर. पण तो स्फटिक म्हणजे भिंत. बिऱ्हाडं आहेत ती खोल्यांमध्ये.

या खोल्या कशा असतात? काही केसापेक्षा बारीक, काही मिलिमीटरभर रुंद. थंडी वाढली की खोलीतलंही थोडं पाणी गोठतं, जागा आकसते आणि राहिलेलं पाणी अधिक खारट होतं. उणे १० अंशांला ते समुद्राच्या चौपट खारं असतं. पण द्रव असतं, हे महत्त्वाचं. जीवाणूला राहायला एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढी जागाही पुरते. आणि ते राहतात: एकेका मिलिलिटरमागे लाखोंच्या संख्येने. काही जण बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी प्रथिनं तयार करतात, काही जण भोवती चिकट बुळबुळीत आवरण सोडतात. त्या चिकटपणामुळे आसपासचं पाणी सहजी गोठत नाही.

फॉरवर्डला उत्तर खरं तर त्याच्याच फोटोत आहे. तो तपकिरी डाग म्हणजे डायटम. काचेच्या डबीसारखं झाकणाचं कवच असलेलं हे एकपेशीय शैवाल. मराठी पुस्तकांत त्याला करंडक असं सुरेख नाव आहे. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स रॉसच्या १८३९ ते १८४३ च्या दक्षिण मोहिमेत जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा तपकिरी बर्फ पाहून त्यात डायटम असल्याची नोंद केली होती. बर्फाचा तळ समुद्राला टेकलेला, म्हणून तिथे त्यातल्या त्यात ऊब. खालून क्षार मिळतात, वरून झिरपत थोडा उजेड येतो. वसंतात तिथे शैवालाचं रान माजतं आणि त्याच्यातून पाझरणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर जीवाणू पोसले जातात.

आणि ध्रुवीय रात्रीत, शैवाल थंडावल्यावर? अलास्काच्या टोकाला, बॅरोजवळ, भर हिवाळ्यातला बर्फ तपासला तेव्हा उणे २० अंशांतही काही जीवाणूंच्या जीवनक्रिया चालू असल्याचं दिसलं. तो अभ्यास २००४ चा. तिथल्याच समुद्रबर्फात सापडलेला सायक्रोमोनास इंग्रहामी हा जीवाणू उणे १२ अंशांत वाढतो. एकाचे दोन व्हायला मात्र त्याला दहा दिवस लागतात. याचं विरजण लावलं तर दह्याची वाट बघता बघता पावसाळा उलटेल.

‘पण बर्फ वितळवून बघितला तर काही सापडत नाही म्हणे’, ही मामांची पुरवणी. त्यालाही कारण आहे. समुद्रबर्फाचा गाभा, म्हणजे भोक पाडून काढलेली बर्फाची कांडी, तसाच वितळू दिला तर त्याचं पाणी बरंच अळणी होतं. घट्ट खाऱ्या पाण्याला सरावलेल्या पेशींमध्ये ते अळणी पाणी शिरतं आणि नाजूक पेशी फुगून फुटतात. म्हणून जाणकार गाभा गाळलेल्या समुद्रपाण्यात वितळवतात. बेदाणा साध्या पाण्यात कसा टम्म फुगतो, ते आठवा.

‘थंडीने जंतू मरतात’ या समजावर फार लिहीत नाही. प्रयोगशाळेत जीवाणू वर्षानुवर्षं जपायचे असले की ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्येच ठेवतात.

राहिली साथ. समुद्रबर्फातले जीवाणू कैदेत नाहीत आणि झोपलेलेही नाहीत. दर उन्हाळ्यात बर्फ वितळतो, ते समुद्रात मिसळतात; हिवाळ्यात नवा बर्फ धरतो, त्यात पुन्हा अडकतात. हा फेरा माणूस नव्हता तेव्हापासून चालू आहे. शिवाय तो सायक्रोमोनास १० अंशांच्या वर वाढतच नाही. आपल्या किनाऱ्याचं पाणी २८ अंशांचं, अंगातली ऊब ३७ ची. मामांच्या अंगात शिरला तर ताप त्यालाच यायचा.

तरी भीती पूर्ण हवेतली नाही, हे मान्य करायला हवं. २०१६ च्या उन्हाळ्यात सैबेरियातल्या यमाल भागात अँथ्रॅक्सची, म्हणजे आपल्या काळपुळीची, साथ आली. दोन हजारांवर रेनडिअर मेले, १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. असाधारण उष्म्याने गोठलेली माती नेहमीपेक्षा खोलवर वितळली आणि जुन्या साथीतले बीजाणू वर आले, असं मानलं जातं. त्याआधी काही वर्षं तिथल्या रेनडिअरना लस टोचणंही बंद झालं होतं. हे सगळं गोठलेल्या मातीत घडलं, समुद्रात नव्हे. काळपुळीचे बीजाणू मातीत दशकानुदशकं तग धरतात. खाऱ्या नळ्यांतल्या शीतप्रेमी जीवाणूंशी त्यांचा संबंध नाही.

मामा राहतात वास्कोला. तिथेच हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे; अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं हिमाद्री, या सगळ्या ठाण्यांचा कारभार तिथून चालतो. ‘कशावरून’ विचारायला त्यांना माझ्यापेक्षा जवळची जागा आहे, असं मी त्यांना कळवलं.

त्यांचं उत्तर आलं: ‘बरं, साथ नाही. मग बर्फ गेला तर बिघडलं काय?’ फॉरवर्डपेक्षा हा प्रश्न कितीतरी बरा. दक्षिणेकडे क्रिलची, म्हणजे कोळंबीसारख्या बारक्या जीवांची, पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या तळाचं शैवाल खरवडून जगतात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे. उत्तरेकडे तेच शैवाल खाणारे बारके कवचधारी जीव ध्रुवीय कॉड मासा खातो, कॉडला सील, सीलला पांढरं अस्वल. बर्फ उशिरा धरला आणि लवकर सुटला की तळाशी ते तपकिरी रान माजायला वेळच कमी मिळतो.