सूचनापेटीत चिठ्ठी टाकल्यावर पुढे काय व्हायला हवं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरताना दारापाशी सूचनापेटी दिसते. पेटी आहे म्हणजे वाचकांचं ऐकलं जातं असं धरून चालतात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. सूचना घेणं सोपं आहे. तिला ठरलेल्या दिवसांत, कारणासकट, सगळ्यांना वाचता येईल असं उत्तर देणं हे खरं काम, आणि बऱ्याच ठिकाणी ते कुणाच्याच नावावर नसतं. किल्ली कुणाकडे, पेटी कोणत्या वारी उघडायची, चिठ्ठीची नोंद कुठल्या वहीत करायची, हे ठरलेलं नसलं की पेटी उघडायची आठवण नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, भेटीच्या तयारीत होते. आणि नॅकसुद्धा अभिप्राय गोळा केले का एवढ्यावर थांबत नाही. त्यांचं विश्लेषण झालं का, कार्यवाही काय केली, ती संकेतस्थळावर ठेवली का, हेही विचारतं.

नेहमीची तक्रार घ्या. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, पुस्तक ‘उपलब्ध’ दिसतंय, रॅकवर मात्र नाही. काउंटरवरून उत्तर येतं, "तिथेच असेल, नीट बघा." हे उत्तर नव्हे. शोध घ्यायची एक पद्धत आहे. आधी ॲक्सेशन नंबर, म्हणजे त्या प्रतीचा दाखल क्रमांक, घ्यायचा आणि त्या प्रतीचा शेवटचा इश्यू-रिटर्न पाहायचा. कालच परत आली असेल तर ती ट्रॉलीवर असते. मग रीडिंग हॉलची टेबलं, बाइंडिंगचा गठ्ठा, नव्या पुस्तकांचं कपाट. त्यानंतर रॅक, आणि तोही फक्त नेमक्या जागी नाही, तर वरच्या-खालच्या फळीवर, शेजारच्या कप्प्यात, पुस्तकांच्या रांगेच्या मागेही बघायचा. मराठी साहित्याच्या विभागात तर चुकायला एक आकडा पुरतो. ड्यूईच्या वर्गीकरण पद्धतीप्रमाणे ८९१.४६१ म्हणजे कविता, ८९१.४६२ नाटक, ८९१.४६३ कथा-कादंबरी. पाठीवरचं लेबल झिजलं आणि ‘१’चा ‘२’ वाचला गेला, की कवितासंग्रह नाटकांत जाऊन बसतो आणि वर्षभर कुणाला सापडत नाही. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी मुद्दाम दुसऱ्या विषयाच्या रॅकवर पुस्तक लपवतात, तेही होतंच.

पहिल्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने असं तीनदा शोधूनही प्रत मिळाली नाही, तर तिची स्थिती सिस्टिममध्ये ‘गहाळ’ अशी बदलायला हवी. बदलत नाहीत. त्यामागे भीती आहे. गहाळ म्हटलं की स्टॉक व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या मोजदादीत, प्रश्न येणार, वसुली आपल्यावर येणार, असं कर्मचाऱ्यांना वाटतं. म्हणून पडद्यावर ‘उपलब्ध’ तसंच राहतं आणि पुढचे दहा वाचक तोच हेलपाटा घालतात. केंद्राच्या जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मधला नियम २१५ या बाबतीत समंजस आहे. वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणं तो रास्त धरतो. अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा एवढी अट आहे. महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची चौकशी मात्र करावीच लागते. राज्य विद्यापीठांची लेखासंहिता वेगळी असते, पण आपल्याकडच्या ग्रंथालय समितीने अशी मर्यादा लेखी ठरवून दिली तर कर्मचारी खरी स्थिती नोंदवतील. या एका तक्रारीचं मूळ रॅकमध्ये कमी आणि या भीतीत जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी मोठी गोष्ट खरेदीच्या सूचनेची. "अमुक पुस्तक मागवा" अशी चिठ्ठी येते आणि तीन महिने काहीच कळत नाही. मधे काय घडतं ते वाचकाला कुणी सांगितलेलंच नसतं. आधी ती प्रत आपल्याकडे आहे का ते पाहतात, विभागप्रमुखांची शिफारस लागते, समितीची मंजुरी लागते, मग पुरवठादाराला ऑर्डर. पुस्तक आलं की बिल तपासणी, दाखल नोंद, वर्गांक, बारकोड, लेबल, आणि मग रॅक. सगळ्यात जास्त दिवस समितीच्या बैठकीची वाट पाहण्यात जातात. म्हणून बजेटचा छोटा हिस्सा एकेका प्रतीच्या मागणीसाठी ग्रंथपालांच्या अधिकारात ठेवावा. परीक्षा संपल्यावर आलेलं पुस्तक मागणाऱ्याच्या काय कामाचं?

जिथे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतात तिथे यासाठी वेगळी चिठ्ठी लागतच नाही. ओपॅकवर आपल्या खात्यात लॉगिन करून खरेदीची सूचना टाकता येते. ती प्रलंबित, मान्य, ऑर्डर दिली, उपलब्ध किंवा नामंजूर यांपैकी कुठे आहे ते तिथेच दिसतं, आणि स्थिती बदलली की ईमेल जाईल अशी सोय आहे. नकाराची कारणंही आधी यादीत भरून ठेवता येतात. ही सोय बंद ठेवून दारात लाकडी पेटी ठेवण्यात काय अर्थ आहे, हे ग्रंथालयांनी खरोखर सांगावं. नकार द्यावा लागतोच: गाइड घेत नाही, छापील आवृत्ती संपली आहे, किंमत परवडत नाही. कारण लिहिलेला नकार वाचक स्वीकारतात. राग गप्प बसण्याचा येतो.

पंखा, पाणी, स्वच्छतागृह, दिवे हे ग्रंथपालांच्या हातात नसतं, ते स्थापत्य किंवा विद्युत विभागाकडे असतं. अशा वेळी "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" असं लिहू नये. अमुक तारखेला अमुक जावक क्रमांकाने पत्र दिलं, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र देऊ, असं फलकावर लिहावं. अभ्यासिकेत बॅगा ठेवून अडवलेल्या खुर्च्यांसाठी नियम करून तो पाळावा लागतो: टेबलावर वेळेची चिठ्ठी ठेवायची, अर्ध्या तासाने माणूस नसेल तर बॅग काउंटरला. कर्मचाऱ्याच्या वागणुकीची तक्रार मात्र फलकावर कधीही लावू नये. ती बंद पाकिटात ग्रंथपालांकडे जावी आणि उत्तरही व्यक्तिशः द्यावं.

ऑनलाइन नियतकालिकांच्या तक्रारी वाढल्या आहेत. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली आणि ३० प्रकाशकांची नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना खुली झाली. ती योजना नियतकालिकांची आहे, ई-पुस्तकांची नाही, हे दाराशीच लिहून लावलं तर निम्मा गोंधळ मिटेल. घरून लेख उघडत नसेल तर बहुतेक वेळा इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राच्या ‘इन्फेड’ या सामाईक लॉगिन-सोयीतून लॉगिन केलेलं नसतं, किंवा खातंच सुरू करून दिलेलं नसतं. यातलं दुसरं कारण असेल, म्हणजे खातंच दिलेलं नसेल, तर चूक ग्रंथालयाची आहे.

वाचकांनाही एक सांगणं आहे. "सर्व्हिस चांगली नाही" यावर कुणीच काही करू शकत नाही. ॲक्सेशन नंबर, तारीख, वेळ, कुठला काउंटर, ओपॅकवर काय दिसलं त्याचा स्क्रीनशॉट, एवढं द्या आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलंच नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या) अपील करता येतं. नो ड्यूज (देणं बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र अडलं असेल, न घेतलेल्या पुस्तकाचा फाइन लागला असेल, तर हा रस्ता जरूर वापरा. असे फाइन बरेचदा रिटर्न स्कॅन न झाल्यामुळे लागतात. पुस्तक परत करताना आपल्या खात्यातून ते निघालेलं पडद्यावर बघा, आणि मगच काउंटर सोडा.